न मागितलेली गाडी

खामगाव,
२ जुलै १९६५

श्री. महादेवराव व्याही यांस नारायणरावाचा नमस्कार.

चि. सौ. शकुंतलेला बाळंतपणासाठी तुम्ही बोरखेडीला नेलंत त्याला आज पंधरा दिवस झाले. तिच्यावाचून घर ओकं वाटतं असं मी म्हणालो, तर नीळकंठाची आई मला हसली. कारण सून घरात होती तेव्हा कंदिलाच्या काचेवरून मी तिला दिवसातून दोनदा तरी बोलत असे. आता काच मी स्वतः पुसतो आणि ती काळीच राहते. नीळकंठ यवतमाळला नोकरीवर आहे, तो महिन्याने रजा काढून येईल.

पत्राचं कारण वेगळं आहे. वेळ आली तर शकुंतलेला खामगावच्या दवाखान्यात कसं आणायचं, याची व्यवस्था आत्ताच ठरवून ठेवावी. बोरखेडी ते अमडापूर दोन कोस, काळी माती. श्रावणात त्या वाटेवर मोटार सोडा, सायकलही चालत नाही. तिथवर बैलगाडीच हवी. पुढचं मी पाहतो. अमडापूरचे अडते शंकरराव माझे जुने विद्यार्थी आहेत, त्यांचा ट्रक मी सांगून ठेवला आहे. पण अमडापूरपर्यंत कोणाची गाडी, ती नसेल तर दुसरी कोणाची, हाकायला कोण, हे कळवावं.

आणखी एक सुचवतो, रागावू नये. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच तिला आमच्याकडे आणली तर? आमच्या घरापासून दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे.

आमच्या लेकीचं, प्रतिमेचं, तुम्हाला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी मी धामणखेडला हेडमास्तर होतो. पोळ्याचा दिवस होता, गाडी मिळाली नाही, निघायला दिवस मावळला. ती वाटेतच गेली, मूलही गेलं. म्हणून लिहितो.

आपला,
नारायणराव

•

बोरखेडी,
९ जुलै १९६५

श्री. नारायणराव मास्तर यांस महादेवरावाचा रामराम.

पत्र पोचलं. शकुंतला चांगली आहे. खाते, झोपते, आईशी भांडते. मिरचीचं रोप लावायला शेतात येते म्हणून हट्ट धरते, तो आम्ही पुरवत नाही.

मास्तर, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. गाडी कोणाची, हाकायला कोण, हे सारं विचारून शेवटी तुम्ही लिहिलंत तेच तुमच्या मनात होतं. पोरीला परत पाठवा. मी ते पत्र शकुंतलेच्या आईला वाचून दाखवलं आणि पस्तावलो. ती दोन वेळा जेवली नाही. म्हणाली, "पहिलं बायतपन सासरी करू? मंग लोकं म्हनतीन, पोरीचं माहेर मेलं काय? मी जितीजागती हाये अजून."

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या दारात तीन बैलजोड्या आहेत. एक दमणी आहे, तिला नवी ताडपत्री घातली. चाकं वंगणली. हाकायला मी आहे, माझा धाकटा भाऊ आहे. तानुबाई सुईण आमच्या गल्लीतच राहते, तिच्या हातावर निम्मं गाव जन्मलं, मीसुद्धा. दर गुरुवारी नर्सबाई येऊन पाहून जाते. भाजीपाला पिकवणारा माणूस अडाणी असतो हे कबूल, पण लेकीच्या जिवाची काळजी करायला शाळा लागत नाही.

जरा तिखट लिहिलं गेलं. मिरचीवाला आहे, सांभाळून घ्या. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला समजतं. नीळकंठाच्या आईला, सुभद्राबाईंना, नमस्कार.

महादेवराव

•

खामगाव,
२४ जुलै १९६५

श्री. महादेवराव यांस स. न.

तुमचं पत्र घरात वाचून दाखवताना मी दोन वाक्यं गाळली. सत्यभामाबाईंना माझ्यामुळे उपास घडला याची लाज वाटते. त्यांना म्हणावं, मास्तराला बोलण्याची सवय आहे, ऐकण्याची नाही. शकुंतलेला इकडे पाठवण्याचा विषय मी सोडला.

पण एक विषय सोडता येत नाही. इथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं तेव्हा ऑगस्टचा शेवटचा आठवडा सांगितला होता. मी पंचांग काढून पाहिलं. पोळा सव्वीस ऑगस्टला आहे.

तुमच्या तीन जोड्या आहेत, दमणी आहे, ताडपत्री नवी आहे. हे सारं पंचवीस तारखेलाही असेल आणि सत्तावीसलाही. सव्वीसला वेळ आली तर बैल जुंपाल का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.

नारायणराव

•

बोरखेडी,
३ ऑगस्ट १९६५

श्री. मास्तर यांस रामराम.

पेन्शन झाली तरी मास्तरकी सुटली नाही म्हणायची. हो किंवा नाही! योग्य पर्यायाखाली रेघ मारा!

तुम्ही खेड्यांत नोकरी केलीत, तुम्हाला मी काय सांगावं. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवलेलं माझ्या बापानं पाहिलं नाही, मीही नाही. आदल्या संध्याकाळी आपणच त्याचे खांदे हळद-तुपानं शेकतो. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं आपणच त्याच्या कानात सांगतो. घरी जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला कामाला कसा लावायचा? वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस तो आमचं ओढतो.

तरी पोरीच्या जिवापुढं काय मोठं आहे तेही कळतं. तेव्हा माझ्याच्यानं हो लिहवत नाही आणि नाहीही लिहवत नाही. वेळ आली तर गावापुढं ठेवू. धामणखेडवाल्यांनी तुम्हाला गाडी दिली नाही, त्या पापाचे धनी ते. सगळी गावं सारखी नसतात. त्यांचा राग आमच्या बैलांवर काढू नका.

नर्सबाई म्हणते सगळं ठीक आहे. पाऊस सारखा आहे. नाल्याला गुडघाभर पाणी आहे.

महादेवराव

•

खामगाव,
११ ऑगस्ट १९६५

श्री. महादेवराव,

हे पत्र एकट्याने वाचावं आणि कोणाला दाखवू नये. सुभद्राबाईंना हे ठाऊक नाही. नीळकंठालाही नाही.

धामणखेडवाल्यांनी गाडी दिली नाही असं तुम्ही लिहिलंत. आमच्या घरात सहा वर्षं असंच बोललं जातं. नीळकंठाची आई अजून त्या गावाचं नाव निघालं की बोटं मोडते. माझे शब्द मात्र नीट पाहा. गाडी मिळाली नाही, असं मी म्हणत आलो. दिली नाही, असं कधी म्हणालो नाही. मास्तर माणूस, शब्द मोजून वापरतो.

मी गाडी मागितलीच नव्हती.

प्रतिमेचं सासर अकोल्याला. दवाखाना दोन गल्ल्यांवर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी तिला हौसेने धामणखेडला आणली. पोळ्याच्या दिवशी सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. दुपारी बाराला सोजराबाई सुईण म्हणाली, "मास्तर, लक्षन चांगलं दिसत नाही, दवाखान्यात न्या." समोरच रंगरावाचं घर. त्याची जोडी अंगणात उभी होती, शिंगं रंगवलेली, अंगावर झूल. मी आमच्या ओट्यावर जाऊन बसलो. उठून दहा पावलं चालायचं आणि म्हणायचं, रंगराव, आज बैल जुंप. तेवढं मला जमलं नाही.

मी गावचा हेडमास्तर होतो. लोक मला विचारून मुलांची नावं ठेवत. त्यांच्या सणाच्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि त्यांनी नाही म्हटलं तर? मग दुसऱ्याच्या दारात, मग तिसऱ्याच्या? मी मनात म्हटलं, तोरण तुटू दे, बैल घरी येऊ देत, पूजा होऊ दे, मग मागू. आतून प्रतिमा ओरडत होती आणि मी घड्याळ पाहत होतो. नीळकंठाची आई आतून विचारी, गाडी मिळाली का? मी म्हणे, नाही मिळाली. ते खोटं नव्हतं.

दिवेलागणीला मी रंगरावाकडे गेलो. त्याने एक शब्द विचारला नाही. बैलाच्या गळ्यातली माळ ओढून फेकली आणि पूजेचं ताट तसंच ठेवून गाडी जुंपली. जितक्या झटक्यात त्याने जुंपली, तितक्याच झटक्यात मला कळलं की दुपारीही त्याने दिली असती.

तुम्ही बैल जुंपा असं मी आता म्हणत नाही. तुमचा सण, तुमचं गाव. एवढंच मागतो की वेळ आली तर ओट्यावर बसू नका. मागा. लगेच मागा.

नारायणराव

ता. क. पंचवीसपासून तीन दिवस शंकररावांचा ट्रक अमडापुरात उभा राहील.

•

बोरखेडी,
५ सप्टेंबर १९६५

श्री. नारायणराव यांस महादेवरावाचा रामराम.

तुमच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. दवाखान्यात आपण दोन दिवस एका बाकावर बसलो, तिथंही मी तो विषय काढला नाही. तुम्ही चहा आणला, मी प्यालो. आता घरी आल्यावर लिहितो.

पोळ्याच्या दिवशी पहाटेच शकुंतलेला कळा सुरू झाल्या. आम्हाला वाटलं, चांगला दिवस, होऊन जाईल. नऊच्या सुमाराला तानुबाई बाहेर आली. हात धुतले आणि म्हणाली, "महादेवा, लेकरू आडवं हाये. हे माह्या हातचं काम नाही. आता वेळ घालू नको." सत्तर वर्षांच्या बाईला मी पहिल्यांदा घाबरलेली पाहिली.

मी अंगणात आलो. माझी जोडी धुवून, शिंगं रंगवून उभी होती. तुमचं पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं. आलं त्या दिवसापासून तिथंच होतं. आणि मास्तर, तरीही मी उभा राहिलो. तुमचं पत्र वाचताना मी मनात तुम्हाला नावं ठेवली होती. म्हटलं होतं, बाप आहे का कोण? आता माझे पाय हालेनात. आपणच बैल जुंपावे तर हात जाईना, गावाला विचारावं तर तोंड उघडेना. किती वेळ गेला सांगता येत नाही. शकुंतलेची आई दारात आली. "तुम्ही इचारता का मी जाऊ पारावर?" म्हणाली. बायकोमाणूस पारावर गेलेलं आमच्या गावात कोणी पाहिलं नाही. तिनं पदर खोचला तेव्हा मी निघालो.

मारुतीच्या पारावर सगळी मंडळी तोरणाला आंब्याची पानं बांधत होती. मी सांगितलं. पोरगी अडली आहे, दवाखान्यात न्यायची आहे, बैल जुंपू द्या. सगळे हात थांबले. कडूबा पाटील मधोमध बसले होते. ते म्हणाले, "महादेवा, काल आवतन देलं बैलाइले. आज जुपता येत नाही."

मला तुम्ही आठवलात. तुम्ही ज्या शब्दाला भ्यालात तो हाच. तो मला मिळाला. मी माघारी वळलो, म्हटलं आता गावाला न विचारता जुंपतो, मग वाळीत टाकलं तरी चालेल. तेवढ्यात मागून पाटलांचा आवाज आला, "कुठी चाल्ला बे? बैल जुपता येत नाही म्हनलं मी. पोरीले नेता येत नाही म्हनलं काय?"

म्हातारा उठला. नवा फेटा काढून पारावर ठेवला, कोट काढला, धोतराचा काचा मारला. "बैलाचा सन हाये, आपला थोडीच हाये. चला रे, आना दमनी," म्हणाला.

पंधरा माणसं होती. चार जण जुवाला, बाकीचे चाकांना आणि मागून रेटायला, पाळीपाळीनं बदलत. पहिली पाळी कडूबा पाटलांनीच धरली. वेशीपर्यंतही त्यांना जमलं नाही, छाती भरून आली, पण धरली त्यांनीच. आत शकुंतला, तिची आई आणि तानुबाई. चिखलात आस टेकायची तेव्हा सगळे मिळून गाडी उचलायचे. नाल्यात पाणी मांडीपर्यंत आलं होतं. तिथं गाडी एका बाजूला कलली, शकुंतला किंचाळली, आणि मला वाटलं, संपलं. चाकाखाली दोन जणांनी खांदे दिले. मास्तर, मी चाळीस वर्षं बैल हाकले. जू खांद्यावर पडल्यावर कळलं, तो मुका जीव काय ओढतो ते. दोन कोसांना साडेतीन तास लागले.

पुढचं तुम्ही पाहिलंच. ट्रक उभा होता म्हणून. तो उभा नसता तर आमचं ओढणं अमडापुरातच वाया गेलं असतं. डॉक्टरीणबाईंनी मूल फिरवून काढलं, मायलेकी दोघी वाचल्या, हे देवाचं, पंधरा माणसांचं आणि तुमचं. नातीचा डावा हात अजून हालत नाही, त्याचं मला लागून राहिलंय. बाई म्हणतात चोळत राहा, सहा महिन्यांत येईल. अंगणात मी उभा राहिलो तो वेळ तिच्या हाताला लागला का, हे मी कोणाला विचारू? तुम्हालाच विचारतो.

आदल्या दिवशी मी बैलांचे खांदे शेकले, आता शकुंतलेची आई माझे शेकते. बैल बघून हसत असतील.

तुमच्याबद्दल मी मनात जे बोललो ते परत घेतो.

महादेवराव

•

खामगाव,
२१ सप्टेंबर १९६५

प्रिय महादेवराव,

लढाईमुळे टपाल रेंगाळलं, तुमचं पत्र दहा दिवसांनी मिळालं. शकुंतला दोन पावलं चालते. नातीचा हात मी रोज सकाळी तेलाने चोळतो. कालपासून करंगळी हलल्यासारखी वाटते. मला वाटते, सुभद्राबाईंना वाटत नाही. तुम्ही विचारलंत ते मी डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, अडलेल्या मुलाचं असं होतं. तुम्ही अंगणात थोडा वेळ उभे राहिलात. मी सहा तास बसलो होतो. तुम्ही स्वतःला माझ्या पंक्तीला बसवू नका.

आता इथे जे झालं ते सांगतो.

तुमची माणसं मांडीपर्यंत चिखलाने भरलेली दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. नीळकंठाच्या आईने सगळ्यांना घरी नेऊन जेवायला वाढलं. तुमच्या धाकट्या भावाचा खांदा सोलवटलेला पाहिला आणि तिने वाढता वाढता डोळ्यांना पदर लावला. चार दिवसांनी, सगळं निवल्यावर, रात्रीची भाकरी वाढताना ती म्हणाली, "धामनखेडात अशी चार मानसं असती, तर माही प्रतिमा जिती राह्यली असती. कीडे पडतीन त्या गावाले."

सहा वर्षं मी हे ऐकत आलो. त्या रात्री मात्र मी ताट सरकवलं आणि तिला सांगितलं. तुम्हाला लिहिलं होतं ते सगळं, ओट्यापासून घड्याळापर्यंत.

तिने माझं ताट उचललं, धुतलं, पालथं घातलं. त्यानंतर वीस दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. वेळेवर चहा देई, पाणी तापवी. सुनेशी आणि नातीशी बोले. मी खोलीत गेलो की थांबे.

परवा रविवारी सकाळी ती लुगडं बदलून बाहेर आली आणि म्हणाली, "धामनखेडची मोटर किती वाजता हाये?"

आम्ही गेलो. बदलीनंतर मी त्या गावात पाय ठेवला नव्हता. रंगराव घरीच होता. म्हातारा झाला आहे. त्याच्या बायकोने, रुखमाबाईने, घोंगडी अंथरली. सुभद्राबाई बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "रंगरावभाऊ, एक इचाराले आली. सहा वर्सं तुमच्या गावाले शिव्या देल्या मी. मास्तरनं त्या दिवशी दुपारीच गाडी मागतली असती, तर तुम्ही देली असती काय? खरं सांगा."

रंगरावाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं नाही, एवढं तरी केलं. त्याने घोंगडीचं टोक ओढून सरळ केलं. मग म्हणाला, "नसती देली, बाई. पोया होता. सनाच्या दिवशी कोन बैल जुपते? मास्तरनं मागतली असती तरी मी नाहीच म्हनलं असतं. गावानंबी जुपू देलं नसतं. मास्तरची काई चूक नाही."

रुखमाबाई आत उभी होती, ती एकदम स्वयंपाकघरात निघून गेली. सुभद्राबाईंनी रंगरावाला वाकून नमस्कार केला. तो "अवो बाई, अवो बाई" म्हणत मागे सरकला. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

परतीच्या मोटारीत ती खिडकीशी बसली, मी शेजारी. अर्धी वाट गेली. मग माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "खोटं बोलला तो. तुमच्यासाठी. कळलं ना तुम्हाले?"

मी म्हणालो, "हो. त्याने दिली असती."

सहा वर्षांत तिच्या प्रश्नाला मी दिलेलं हे पहिलं खरं उत्तर.

तुमचा,
नारायणराव